रविवारी करतो

बारामतीतल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात एक जुना रिवाज होता. कामावर असताना कुणी गेलं, तर त्याच्या घरातल्या एका माणसाला कामावर घ्यायचं. हे कुठं कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण स्वयंपाकघरातल्या बाईपासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत पाळलेलं होतं. रविंद्रला जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या बायकोचा, मोनालीचा अर्ज गुरुवारच्या बैठकीत येणार होता. केसपेपरच्या खोलीत एक जागा रिकामी होती आणि मोनाली बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली होती. अर्ज करुणानं शेजारी बसून लिहून घेतला होता. मॅनेजर ऋषिराजसाहेबांनी तो वाचून चष्मा काढला होता आणि म्हणाले होते, "होऊन जाईल."

ते दोन शब्द करुणानं त्याच दुपारी फोनवरून अंथुर्ण्याला मोनालीच्या घरी पोहोचवले.

दवाखान्याचे संगणक आधी रविंद्र सांभाळायचा, आता करुणा सांभाळत होती. ती पिंपळीची. सहा वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा तिला कॉलेजातलं पुस्तकी तेवढं येत होतं. हाताला वळण रविंद्रनं लावलं. नात्यानं तो तिचा कुणी नव्हता, पण ती त्याला दादा म्हणायची. तो तिला चिडवायला "मॅडम" म्हणायचा, आणि काम चुकलं की नुसतं "करुणा".

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी एक इशारा आला. दवाखान्याचा मुख्य संगणक ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत होता, तिच्यात दोष सापडला होता. बाहेरच्या चोराला त्यातून शिरता येत नव्हतं. पण ज्याला आत बसायची परवानगी आहे, ज्याचं एखादं साधं खातं आहे, असा माणूस त्या दोषाच्या जोरावर त्या संगणकाचा मालक होऊ शकत होता. मालकाच्या खात्याला रूट म्हणतात. रूटला कुलूप नाही, किल्ली नाही, कुणाला विचारायचं नाही. तो लिहील ते खरं, आणि तो पुसेल ते कधी नव्हतंच.

"म्हंजे बाहेरून भीती न्हाय ना?" ऋषिराजसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. आतल्या माणसानं केलं तरच."

"आतली तर आपलीच माणसं हायती की गं."

"तरी तपासावं लागंल."

"तपास. पण गुरुवारच्या आत कागद दे. त्यावर पुण्याच्या त्या अद्वयची सही लागंल. विमा कंपनी मागतीय."

इशाऱ्यातला दोष निघाला नाही. त्यावरची दुरुस्ती शनिवारीच आपोआप बसली होती. दुसरी कुणी असती तर "धोका नाही" लिहून चहाला गेली असती. पण रविंद्रची शिकवण तशी नव्हती. तो म्हणायचा, "सांगितलेलं भोक बुजवून उठू नको. सगळी भिंत हातानं चाचप." म्हणून करुणानं संगणकातल्या त्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी काढली, जे कुणीही चालवले तरी मालकाच्या अधिकारानं चालतात. तेवीस निघाले. बावीस सिस्टीमबरोबर आलेले होते. तेविसाव्याचं नाव होतं 'सोडव'.

हा सोडव दवाखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

रक्त तपासायच्या लॅबमधला प्रिंटर दिवसातून एक-दोनदा अडायचा. तो मोकळा करायला रूटचा अधिकार लागायचा, म्हणजे रविंद्र लागायचा. पुढं रविंद्रची किडनी गेली आणि त्याच दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास तो डायलिसिसवर पडू लागला. एकदा प्रिंटर अडला, करुणा रजेवर होती. लॅबच्या मुख्य तंत्रज्ञ सुधाबाई खाली गेल्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. रविंद्रच्या हातात दोन जाड सुया होत्या. बाई तशाच परत फिरल्या. त्या दिवशी बावड्याची एक म्हातारी रिपोर्ट न घेताच गेली, कारण तिची एस.टी. चुकली असती. तिला दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

हे रविंद्रला कळलं आणि त्यानं सोडव लिहिला. लॅबमधल्या कुणीही आपल्या खात्यातून तो एक शब्द टाकायचा, प्रिंटर मोकळा. सुधाबाई त्याला सोडव म्हणत नसत. प्रिंटर अडला की त्या ओरडायच्या, "अगं, रवीला सांग!" आणि जवळची मुलगी तो शब्द टाकायची. रविंद्र गेल्यावरही त्या तसंच ओरडायच्या. कुणी त्यांना टोकलं नाही.

करुणानंही तो शंभरदा चालवला होता. त्याच्या पोटात काय आहे ते मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. दादानं लिहिलंय ना, मग बघायचं काय?

आता पाहिलं. सोडव मालकाच्या अधिकारानं उठायचा आणि सिस्टीममधल्या एका दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारायचा. नुसत्या नावानं. तो कुठं राहतो ते सांगायचा नाही. म्हणजे त्याच नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम कुणी वाटेत आणून ठेवला, तर सोडव त्यालाच उठवणार आणि आपला सगळा अधिकार त्याच्या हातात देणार.

तिनं एक जुना संगणक घेतला, त्यावर तेच सगळं बसवलं, एक साधं खातं उघडलं. दोन ओळींचा खोटा प्रोग्रॅम लिहिला. सोडव टाकला. एका मिनिटाच्या आत पडद्यावरचं साध्या खात्याचं चिन्ह गेलं आणि मालकाचं चिन्ह आलं.

सरावासाठी असले प्रकार तिनं कितीतरी वेळा केले होते आणि दरवेळी आनंदानं टाळी वाजवली होती. या वेळी तिचे हात टाळीला उठले नाहीत.

दुरुस्ती सोपी होती. जिथं नाव होतं तिथं पूर्ण पत्ता लिहायचा. एक ओळ. खोलीत ती एकटीच होती. नव्या फाईलमध्ये तिनं त्या ओळीसकट सोडव पुन्हा लिहिलासुद्धा. आता फक्त तो जुन्याच्या जागी बसवायचा होता. मग कुणाला काही सांगायची गरज नव्हती. इशाऱ्यातला दोष निघाला नाही हे खरंच होतं. रविंद्रचं नाव जसं होतं तसं राहिलं असतं आणि गुरुवारी मोनालीचं काम झालं असतं.

मग तिच्या मनात हिशेब सुरू झाला, माणसांचा. दोन वर्षांत लॅबमध्ये एकतीस जणांची खाती होती. त्यातले अकरा सोडून गेले होते. त्यातल्या एखाद्याला हे भोक सापडलं असलं तर? त्यानं कुणाची साखर बदलली असली, कुणाचं क्रिएटिनिन, कुणाच्या त्या आजाराच्या तपासणीतलं 'नाही' चं 'आहे' केलं असलं तर? नोंदी बघाव्यात म्हटलं, तर नोंदी पुसायची ताकदही त्यालाच मिळणार. झालं नसेलच. नव्याण्णव टक्के झालं नसेल. पण गप्प बसलं की ते कुणी शोधणारही नाही.

तिनं लिहिलेलं खोडलं, फाईल बंद केली आणि पुण्याला अद्वयला फोन लावला.

अद्वय मंगळवारी आला. वयानं करुणाएवढाच, बोलायला मऊ. ज्या कंपनीकडून दवाखान्याची तपासणी व्हायची तिथं नोकरीला होता. त्यानं स्वतः चाचणी करून बघितली आणि खुर्ची मागं सारली.

"मॅडम, हे तर मुद्दाम ठेवलेलं आहे."

"मुद्दाम ठेवलंय. पण ह्यासाठी नाही. प्रिंटरसाठी ठेवलंय."

"ते मला पटतंय हो. पण फॉर्ममध्ये 'कशासाठी' असा रकानाच नाहीये." त्यानं फॉर्म पुढं केला. दोषाचं मूळ, या मथळ्याखाली तीनच चौकटी होत्या. अनवधानानं. माहीत असून दुर्लक्ष. हेतुपुरस्सर. "धोक्याची पातळी वरचीच लागेल, ती काही कमी होत नाही. पण मूळ आपण 'अनवधानानं' लावू. पूर्ण पत्ता द्यायचा राहिला. भल्याभल्यांचा राहतो."

करुणाच्या छातीवरचं ओझं जरा हललं. 'अनवधानानं' हे खरंही वाटत होतं. "थांबा," ती म्हणाली, "दादानं हे मूळ ज्या फाईलमध्ये लिहिलं असंल, ती त्यांच्या खात्यात असंल. ती बघून घेऊ. म्हणजे नक्की होईल."

हे ती बोलली नसती तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

फाईल सापडली. रविंद्रला सवय होती, प्रोग्रॅमच्या डोक्यावर स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवायची. मराठीतच लिहायचा. इथं तीन टिपणं होती. पहिलं दोन वर्षांपूर्वीचं:

"हाक नुसत्या नावानं मारतोय. पूर्ण पत्ता द्यायला पाहिजे, नाहीतर कुणीही शिरंल. रविवारी करतो."

दुसरं पाच आठवड्यांनंतरचं: "राहिलं. ह्या रविवारी नक्की."

तिसरं गेल्या वर्षीच्या एप्रिलमधलं. त्यात दोनच शब्द होते. "रविवारी करतो."

बाहेर लॅबमध्ये कुणीतरी खोकत होतं.

"त्यांना माहीत होतं," अद्वय म्हणाला.

"हो."

"रविवारच का?"

"लॅब चालू असताना ह्या संगणकाला हात लावायचा नाही, असा त्यांचाच दंडक होता. बंद फक्त रविवारी असते. आणि घरून ह्या संगणकात शिरायची वाट त्यांनी स्वतःच बंद केलेली. बाहेरून धोका नको म्हणून."

अद्वयनं फॉर्मवरची दुसरी चौकट बोटानं दाबून धरली, जणू ती पळून जाणार होती. माहीत असून दुर्लक्ष. मग बोट उचललं. "प्रोग्रॅम चालतो तेव्हा त्याच्यात ही टिपणं नसतात," तो हळू बोलला. "ती फक्त या फाईलमध्ये आहेत आणि फाईल तुमच्या ताब्यात आहे. मला जे कागदाला जोडून द्याल, तेच मी बघितलं असं धरीन. उद्या संध्याकाळी सही करतो."

तो भला माणूस होता. पण त्याच्या भलेपणानं सगळं करुणाच्या ओंजळीत येऊन पडलं.

एक गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. दादानं मला का सांगितलं नाही? एक ओळ तर होती. मी शेजारच्या टेबलावर बसत होते. एका रविवारी येऊन केलं असतं. एवढाही भरवसा नव्हता का?

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून ती स्कूटीवर अंथुर्ण्याला निघाली. पिंपळीच्या फाट्यावरून पुढं जाताना आईनं बघू नये म्हणून तिनं तोंडावर ओढणी घेतली. उसाच्या गाड्यांच्या मागं मागं जात तासाभरानं ती रविंद्रच्या घरी पोहोचली. त्याची आई अक्काबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"जयभीम, मावशी."

"जयभीम, बाय. ये. आज कशी काय? कागुद झाला का मोनाचा?"

"उद्या हाय बैठक."

"व्हईल, व्हईल. आत जा. चुलीपशी हाय ती."

मोनालीनं चहा ठेवला. करुणानं तिला सगळं सांगितलं, जितकं सोपं करता आलं तितकं करून. भोक काय होतं, फॉर्म काय होता, तीन टिपणं काय होती. शेवटी विचारलं, "वहिनी, दादा रविवारी यायचे म्हणून निघायचे का कधी?"

मोनालीनं चहाचं भांडं उतरवलं. गाळायला घेतलेली गाळणी तशीच हातात राहिली.

"शनवारी राती म्हणायचे, सकाळी दहाला उठव. बारामतीला जाऊन येतो, अर्ध्या तासाचं काम हाय." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आठवडाभर त्यांना झोप म्हणून लागायची न्हाय, करुणा. पायाला गोळे यायचे. अंग खाजायचं, पार रगत निघंस्तवर खाजवायचे. शुक्रवारचं डायलिसिस झालं, शनवार कसातरी गेला, की रविवारी पहाटं डोळा लागायचा. दहाला मी उठवायला जायची. तोंड उघडं टाकून झोपलेले असायचे, बारक्या पोरावानी. कसं उठवायचं?"

"मग?"

"न्हाय उठवलं. पाच-सहा येळा तरी म्हणाले असतील. एकदाबी न्हाय उठवलं. दुपारी उठून घड्याळ बघायचे अन् ओरडायचे माझ्यावर. मग जरा वेळानं हसायचे. म्हणायचे, 'मोना, तू माझी नोकरी घालवशील बघ.'"

बाहेर सुपाचा आवाज चालू होता.

"केवढं काम होतं गं ते?" मोनालीनं विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. करुणाला ती साधली नाही. "एक ओळ."

"एक ओळ?"

"हो."

"मग एक रविवार तरी उठवायला पायजे होतं मी," मोनाली म्हणाली आणि गाळणी खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला.

चहा निवला. मग करुणानं मनातलं विचारलं. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हणलं होतं एकदा. म्हणलं, करुणाला सांगा की, ती करील. तर म्हणाले, 'तिला सांगितलं तर तिला लपवावं लागंल, न्हायतर वर सांगावं लागंल. दोन्ही नको तिच्या डोक्याला. माझं मी करतो.'"

करुणा भिंतीकडं तोंड करून बसली. ज्या जागी ती आज बसली होती, तिथं तिला बसवायचं नाही म्हणून त्यानं जीव ओढत दीड वर्ष काढलं होतं.

मग तिनं अद्वय काय म्हणाला ते सांगितलं. टिपणं जोडली नाहीत तर चौकट सौम्य लागते. मोनालीचा अर्ज बहुतेक मंजूर होतो. हे बोलताना तिला स्वतःची लाज वाटली. कारण ती एवढ्या लांब का आली होती ते तिला आता कळलं. मोनालीनं "पुसून टाक" म्हणावं म्हणून ती आली होती.

मोनाली तसं म्हणाली नाही.

"त्यांच्या हातचं हाय ना ते लिवलेलं?"

"हो."

"मग पुसू नको. उद्या कुणाचा रिपोर्ट चुकीचा निघाला, अन् आपून हे दाबलं असं झालं, तर ते वरून थुकतील माझ्यावर. जसं हाय तसं दे. फकस्त एक लिही. बायकोनं उठवलं न्हाय, म्हणून राहिलं."

"वहिनी, असा रकाना नसतो."

"मग कागदाच्या मागं लिही."

करुणानं खरंच लिहिलं. फॉर्ममध्ये दुसरी चौकट भरली. टिपणांची प्रत जोडली. आणि शेवटच्या पानावर, जिथं 'इतर शेरा' असतो, तिथं लिहिलं, की रविंद्र यांनी हा प्रोग्रॅम रुग्णांची गैरसोय टाळण्यासाठी लिहिला होता, दोष त्यांच्या स्वतःच्या लक्षात आला होता आणि आजारपणामुळे रविवारच्या सुट्टीत येणं त्यांना जमलं नाही. उठवलं नाही, हे ती लिहू शकली नाही. अद्वयनं वाचलं, सही केली, आणि जाताना तिच्याशी हात मिळवला.

गुरुवारी बैठकीत तिला आत बोलावलं. टेबलाभोवती सातजण. ऋषिराजसाहेब म्हणाले, "करुणा, हे इंग्रजी राहू दे. आमाला समजंल असं सांग."

तिनं सांगितलं. "समजा, वस्तीवर तीन ज्ञानू हायत. पाटलानं तिजोरीची किल्ली हातात घेतली अन् हाक मारली, 'ज्ञानू!' कुठला ते सांगितलं नाही. तर जो दाराजवळ उभा असंल तो ज्ञानू येणार अन् किल्ली घेऊन जाणार. दादांनी हाक नावानं मारली, घर सांगितलं नाही."

दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाले, "आन् आमच्याकडं चार ज्ञानू हायती, त्यातला एक तर पक्का चोर!" पुन्हा हसू झालं. मग कोपऱ्यात बसलेल्या वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "एखाद्याचा रिपोर्ट कुणी बदलला का?"

"माहीत नाही सर. तसं काही दिसलं नाही."

"बदललेला नाही, असं तुम्ही छातीठोक सांगू शकता का?"

आता कुणी हसत नव्हतं.

"नाही सर."

तेवढ्या 'नाही'नं सगळं झालं. शेवटचं पान कुणी उलटलं की नाही, तिला दिसलं नाही. दोन वर्षांतले संशयास्पद रिपोर्ट पुन्हा तपासायचे ठरले. सोडव त्याच दिवशी काढून टाकायचा ठरला. आणि मोनालीच्या अर्जावर 'पुढील बैठकीत विचार करावा' असा शेरा पडला. त्या ट्रस्टमध्ये पुढील बैठकीत गेलेला अर्ज कधी परत आला नव्हता, हे शिपायालाही ठाऊक होतं.

जिन्यात ऋषिराजसाहेबांनी तिला गाठलं. "पोरी, तुला गप बसता आलं असतं की गं."

"व्हय, साहेब."

"माणूस सोन्यासारखा होता. मला का ठाऊक न्हाय? पण मी कुठल्या तोंडानं म्हणू, की त्याच्या बायकोला केसपेपरच्या खोलीत बसवा?" ते दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा थांबले. "डोळं मिटून सही केली असती मी," असं म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी तिनं सोडव काढला. एक आज्ञा, एक होकार. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रिंटर अडला आणि सुधाबाई सवयीनं ओरडल्या, "अगं, रवीला सांग!" मुलीनं शब्द टाकला. संगणकानं सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. सुधाबाईंनी ते स्वतः वाचलं. मग खुर्चीवर बसल्या. करुणा खालच्या मजल्यावरून धावत वर येईपर्यंत खिडकीपाशी सात माणसं खोळंबली होती.

रविवारी ती पुन्हा अंथुर्ण्याला गेली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

मोनालीला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं नुसती मान हलवली. "बरं. पापड-कुरडयांचं बघते. न्हायतर निमगावला मुलींच्या वसतिगृहात जागा हाय म्हणतात, सैपाकाची."

"काय झालं?" ओट्यावरून अक्काबाईनं विचारलं. तिला आजवर कुणी काही धड सांगितलं नव्हतं. "कागुद न्हाय झाला?"

"न्हाय, मावशी."

"कशापायी?"

करुणा तिच्याजवळ जाऊन बसली. दादांचं एक काम राहिलं होतं, ती म्हणाली. रविवारी करतो, रविवारी करतो म्हणायचे. ते राहूनच गेलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. "माझा रवी काम ठिवणारा न्हवता," ती म्हणाली. आवाजात राग होता. "लोकं कायबी म्हणतील."

"आत्या," मोनाली दारात उभी होती. "त्यांनी ठेवलं न्हाय. उठव म्हणायचे मला. मीच उठवलं न्हाय. झोपू दिलं."

अक्काबाई सुनेकडं बघत राहिली. आता काय बोलणार, शिव्या देणार की रडणार, करुणाला काही कळेना.

"झोप लागायची त्याला?" तिनं विचारलं.

"रविवारची लागायची."

"मला वाटायचं, न्हायच लागत." म्हातारीचा आवाज खाली आला. "राती भितीवर पाय घासायचा. मला हिकडं आयकू यायचं. मी म्हणायची, देह गेला तर गेला, पर ह्येला घटकाभर डोळा तरी लागू दे. मला काय ठावं, लागत हुता म्हणून."

"तुमी सकाळच्या शेतात असायच्या."

"किती वाजंस्तवर निजायचा?"

"बारा. साडेबारा. एकदा तर दोन वाजल्यापातूर."

"दोन?"

"व्हय. दोन."

अक्काबाईनं हात लांब करून मोनालीला आपल्याजवळ ओट्यावर बसवलं. सुनेचा हात आपल्या हातात घेऊन ती बोटं चाचपत राहिली, एकेक करून.

"मला सांग की," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन वाजंस्तवर निजला, तवा कसा निजला हुता?"

मोनालीनं डोळे पुसले आणि सांगायला लागली. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. पंखा लावला नव्हता, तरी गोधडी अंगावर घेतलेली. करुणा तिथंच खाली बसून ऐकत राहिली.